एका डोळ्याचा राजा आणि आण्णांची सुट्टी

आण्णांनी त्या सुट्टीत परदेशातून राक्षस आणले होते, आणि ते माझ्यासाठी आणले आहेत असं मी आपली धरून चालले होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत हवालदार. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याला कॉलेजात होते, होस्टेलवर राहायची. आण्णा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून वर्षभर परदेशात राहून उन्हाळ्यात घरी आले होते. एरवीही वर्षातून दोनेक महिने, एवढाच बाप माझ्या वाट्याला यायचा. त्यातही वाटेकरी फार. उसाला पाणी द्यायचं, भाऊबंदांकडं जेवायला जायचं, कुणाच्या तरी पोराला भरतीसाठी छाती कशी फुगवायची ते शिकवायचं. सगळ्यांचं झालं की उरलेसुरले आण्णा मला. त्या वर्षी मी ठरवलं होतं की आपला वाटा आधी घ्यायचा. कुणी मध्ये आलं तर भांडायचं.

ट्रंकेतून साबण, खजूर, आईची शाल असं निघत निघत तळातून एक चपटं खोकं निघालं. त्यावर एक अवाढव्य माणूस होता. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, आणि त्याची पापणी एवढी जड की चार माणसं आकडे लावून ती वर ओढत होती. आईनं ते बघून पालथं ठेवलं.

तिकडं आण्णांच्या शेजारच्या तंबूत एक आयरिश सैनिक होता. पहाऱ्यावर दोघं बरोबर असायचे. आण्णांचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्याचं तर म्हणे इंग्रजांनाच कळत नसे. तरी त्यानं आण्णांना त्याच्या देशातले राक्षस सांगितले. फोमोरियन त्यांचं नाव. समुद्रापलीकडून यायचे, दर वर्षी थंडीच्या तोंडाला लोकांकडून धान्य, दूध आणि पोरं वसूल करायचे. त्यांचा राजा म्हणजे हा खोक्यावरचा. तो डोळा लढाईतच उघडायचा, आणि उघडला की समोर जे असेल ते भस्म. हे सगळं आण्णा पहिल्याच संध्याकाळी सांगत होते, आणि मी मांडी घालून ऐकत होते. त्या आयरिश माणसाचासुद्धा मला हेवा वाटला. वर्षभर रोज आण्णा त्याच्या शेजारी.

त्या खोक्यात व्हिडिओ गेम होता. आमच्या गावात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम भाड्यानं मिळायचा, त्यात हे बसेल असं आण्णांना वाटलं होतं. उघडून बघतो तर आत चकाकणारी तबकडी. भाड्याचा गेम आणून आण्णांनी ती कॅसेटच्या खाचेत आडवी, उभी, तिरकी घालून बघितली. शेवटी शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, की ह्याला कॉम्प्युटर लागतो. कॉम्प्युटर आख्ख्या नात्यात एकाकडं होता. सांगलीच्या माझ्या आतेभावाकडं.

आतेभाऊ इंजिनिअरिंगला होता. त्याचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, वर क्रोशाचं झाकण, कोपऱ्यात आत्यानं लावलेलं हळदीकुंकू. खोलीत चपला घालून जायचं नाही. घरात एकच टेबलफॅन आणि तोही कॉम्प्युटरच्या तोंडाकडं वळवलेला. मे महिन्यात सांगलीत माणसं घामानं निथळत होती आणि ते यंत्र वारा खात होतं. आत्यानं निरोप धाडला, पोरीला घेऊन या दोन दिवस. आई म्हशींपायी घरी राहिली. मी आनंदानं निघाले. एसटीत दोघंच, सांगलीतही दोघंच फिरू, कृष्णेच्या घाटावर जाऊ, असं माझ्या डोक्यात होतं.

घाट राहिला घाटाच्या जागी. तबकडी आत गेली, पडद्यावर काळा समुद्र आला, त्यातून हिरवे राक्षस खांदे हलवत वर आले, आणि आण्णा आतेभावाच्या शेजारी लोखंडी खुर्ची ओढून जे बसले ते बसलेच.

"उजवीकडनं येतोय बघ रं."

"बघितलं मामा."

"आरं मागं, मागं हाय अजून एक."

मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. खोलीत तिसरी खुर्ची मावत नव्हती. मावली असती तरी मला कुणी बस म्हणालं नसतं. त्या पोराच्या खांद्यावर आण्णांचा हात होता. सरळ, सहज, विसरून ठेवल्यासारखा. माझ्या खांद्यावर तो हात फक्त ट्रंका उचलताना असायचा, निरोपाच्या दिवशी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याला बाप रोज संध्याकाळी घरी मिळतो, ऑफिसातून येताना भडंग घेऊन येतो, आणि वर माझाही पाहिजे.

दोनाचे चार दिवस झाले, चाराचा आठवडा. आण्णा मधेच गावी जाऊन यायचे, पाण्याची पाळी बघायचे आणि परत सांगली. मी बरोबर. कशाला जातेस म्हणून आईनं विचारलं, तर मी म्हटलं, आत्याला मदत होते. मदत कसली, मी भाकऱ्या थापताना अर्धा जीव बाहेरच्या खोलीत ठेवलेला असायचा. दोन भाकऱ्या करपल्या की आत्या हसायची. ती का हसते हे मला कळत नव्हतं.

आणि गंमत म्हणजे आण्णांना तो गेम पुरता आवडतही नव्हता. रोज तक्रार.

"हे आसं न्हाई. ह्यांनी समदी एका साच्यातनं काढल्याती. दोस्तानं सांगितलं त्यात काय समदे भेसूर नव्हते. काहीकाही लय देखणे. त्यांच्या आन् देवांच्या सोयरिकी झालेल्या. एक तर दोन्हीकडचा, बाप ह्यांच्यातला न् आई त्यांच्यातली. तो राजा झालता देवांचा."

"गेममधी तसं नसतंय मामा. मारायचं म्हटल्यावर दिसायला वाईटच पाहिजेत."

हे त्याचं वाक्य मला आजही पटतं, त्याच्या तोंडचं असूनही. पुढं बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांच्या घरी दुसरे गेम बघितले, त्यांतही तेच. राक्षस म्हटलं की आकार मोठा, डोळा एक, कातडी शेवाळलेली, आणि मेला की नाणी पडणार. त्यांनी कुणाशी सोयरीक केली होती, कुणाला घाबरत होते, हे कुणी दाखवत नाही. ती गोष्ट सांगायला शेजारच्या तंबूतला माणूस लागतो.

त्या एकडोळ्या राजाला एक मुलगी होती, हेही गेममध्ये नव्हतं. नातवाच्या हातून मरण आहे असं भाकीत ऐकून त्यानं तिला बुरुजात कोंडून ठेवलं, पुरुष दिसू नये म्हणून. हे आण्णांनी जेवताना सांगितलं, पण सांगितलं आतेभावाकडं बघून.

"त्या पोरीला बाप भेटायला तरी यायचा का?" मी विचारलं.

आण्णांनी घास थांबवून माझ्याकडं बघितलं. मग आत्याकडं बघितलं. आत्यानं मान खाली घालून वरण वाढलं. "ते काय सांगितलं न्हाई त्यानं," आण्णा म्हणाले. उठून हात धुतला आणि परत बाहेरच्या खोलीत.

शेवटच्या लढाईत आतेभाऊ अडकला. राजासमोर तलवार चालेना, भाला चालेना. चार नोकर पापणी वर ओढायचे, पडदा पांढरा व्हायचा आणि हा मेलेला. तो चिडून कीबोर्डवर मूठ आपटायचा, मला मनातून उकळ्या फुटायच्या. मग आण्णा म्हणाले, "आरं, नातवानं गोफणीनं मारलाय त्याला. डोळ्यात धोंडा घातला, तो डोळा डोक्याच्या मागनं भाईर पडला न् त्याचंच लष्कर जळालं."

"गोफण म्हंजे?" आतेभाऊ म्हणाला.

सांगलीतल्या पोराला गोफण ठाऊक नाही म्हटल्यावर आण्णांना भलताच चेव आला. त्यांनी आत्याचा जुना नाडा आणि चामड्याचा तुकडा घेऊन गोफण बांधली आणि त्याला गच्चीवर नेलं. मागोमाग आत्या, मागोमाग मी. आण्णांचा पहिला धोंडा शेजाऱ्यांच्या ॲन्टेनावर गेला. दुसरा कुठं गेला तो अजून कळलेला नाही. आतेभावानं फिरवली तर धोंडा त्याच्याच पायाशी.

माझं आजोळ जतकडचं. तिकडं ऊस नाही, पावसावरची ज्वारी. कणीस भरलं की आम्ही पोरं माळ्यावर चढून पाखरं हाकायचो. गोफण मला हातात काकण घालण्याइतकी सवयीची. पण ते आण्णांना कुठून ठाऊक असणार, ज्वारी भरायच्या दिवसांत ते कधी सुट्टीवर आलेच नव्हते. मी त्याच्या हातातून ती जवळजवळ हिसकावली, दोन गिरक्या दिल्या आणि सोडली. मागच्या बंद पडलेल्या गिरणीच्या पत्र्यावर धोंडा असा वाजला की कावळे उठले.

"आगं आयला," आण्णा म्हणाले. त्यांचं तोंड उघडं होतं. आता विचारतील, कुठं शिकलीस, कुणी शिकवलं.

तेवढ्यात आतेभाऊ म्हणाला, "मामा, गेममधी तो पट्टा सापडलाय बघा मागं, ती गोफणच आसंल." आणि दोघं जिन्यावरून खाली.

आत्या माझ्याजवळ आली. माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं गं? मला काय दिसत न्हाई व्हय?"

मला वाटलं, हिला कळलं. निदान हिला तरी कळलं. मला रडूच आलं आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती मला थोपटत राहिली. खालून आतेभावाची आरोळी ऐकू आली. राजा पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं खेळ पहिल्यापासून लावला, अवघड पातळीवर, आणि आण्णांनी खुर्ची पुढं ओढली.

आम्ही सांगलीहून निघालो तेव्हा आण्णांच्या सुट्टीतले थोडेच दिवस उरले होते. तबकडी त्यांनी आतेभावालाच देऊन टाकली. एसटीत मी खिडकीशी, ते कडेला. मी बाहेर बघत बसले होते, बोलायचं नाही असं ठरवून. इस्लामपूर मागं पडल्यावर आण्णांनी घसा साफ केला.

"पोरगं वाईट न्हाई," ते म्हणाले.

मी खिडकीची काच सरकवली.

"हरलं की चिडतंय. पन लबाडी करत न्हाई. एकदा सुदिक केली न्हाई. आन् शिकवलेलं ऐकतंय. आमच्याकडं भरतीची पोरं आमी खेळातच बघतो. परेडीत समदीच सरळ हुबी ऱ्हात्यात, खेळताना मानूस कळतो. म्हनून म्हटलं, सुट्टी गेली तर जाऊ दे, पन जवळ बसून नीट बघावं."

"कशासाठी?"

आण्णा समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत होते. "आत्या म्हनली पहिल्याच दिवशी. पोरगी दारातनं हलत न्हाई, जेवत न्हाई, भाकरी करपवती. तुझ्या मनात पोरगा हाय म्हनली. आत्याचं घर हाय, परकं न्हाई. मी म्हटलं, मी वरीसभर भाईर, मला काय ठावं. लेकीचा जन्माचा प्रश्न हाय, बघून घ्यावं." मग ते म्हणाले, "तो गेम डोळ्यावर येत होता माझ्या. रोज डोकं दुखायचं."

माझे कान तापले. ते सगळे दिवस, ती लोखंडी खुर्ची, तो खांद्यावरचा हात. मी ज्याच्यावर जळत होते ते सगळं माझ्याच खात्यात चाललं होतं, आणि मला त्यातलं काही नको होतं. मला आत्याचा राग आला, आण्णांचा आला, आणि त्या आतेभावाची पहिल्यांदाच कीव आली. बिचाऱ्याला वाटत होतं मामाला गेम आवडतो.

"माझ्या मनात न्हाई, आण्णा. कधीच नव्हतं."

"मग दारात हुबी ऱ्हायचीस ती?"

"तुमच्यासाठी."

त्यांना ते लगेच कळलं नाही. कंडक्टर तिकिटं विचारत येऊन गेला. आण्णांनी तिकिटं दाखवली, परत खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता हेही असंच जाणार, गाव येणार, भाऊबंद येणार, ट्रंक भरायची वेळ येणार.

"तू आता," ते म्हणाले, आणि अडले. "तू आता कितवीला हाईस गं?"

मी सांगितलं. कॉलेज सांगितलं, होस्टेल सांगितलं, खोलीतल्या दोघी सांगितल्या, त्यांतली एक झोपेत बोलते ते सांगितलं. ते हं म्हणायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत, फक्त माझ्याकडं तोंड करून बसले होते. फाट्यावर उतरलो तेव्हा मी वनस्पतिशास्त्राच्या बाईंवरच होते. फाट्याला गावाकडं माणसं नेणारी वडापची जीप भरून उभी होती, ड्रायव्हरनं आम्हाला बघून पुढची सीट मोकळी केली.

आण्णांनी त्याला हातानं जा म्हणून सांगितलं. पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागले, अगदी हळू, माझ्या बाजूनं.