आजच्या अंगाची चड्डी

जळगावच्या पिंप्राळ्यात अक्काच्या ओट्यासमोरून जाताना बायका पदर कमरेभोवती घट्ट लपेटून घ्यायच्या. उपयोग काही होत नसे. अक्का शिलाई मशीनवरून मान वर करायची, एकदा बघायची आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायची, "वहिनी, दिवाईले चौतीस व्हती, आते अडतीस व्हयनी!" टेप गळ्यात नुसता शोभेला. नजरेने घेतलेलं तिचं माप अर्ध्या इंचानेही चुकत नसे, आणि ते कबूल करायला लावल्याशिवाय ती समोरच्या बाईला पुढे जाऊ देत नसे.

अक्का माहेरची दोंडाईच्याची, लग्न होऊन जळगावात आलेली. इतक्या वर्षांत माहेरची बोली तिने तसूभर बदलली नाही. तिच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. म्हणून माझं काम घेऊन तिच्याकडे जायला आई तयारच नव्हती.

माझं काम म्हणजे असं. जन्मापासून माझ्या पाठीच्या मणक्यात खोट होती. चालता-पळता यायचं, पण लघवी-संडासची जाणीव वेळेवर होत नसे. शाळेत आत कापडाच्या घड्या घालून निभावून जायचं. पण मे महिन्यात कॉलनीतल्या सगळ्या पोरी रावेरजवळ अक्काच्या नणंदेच्या केळीच्या मळ्यात जायच्या आणि विहिरीवरच्या हौदात दिवसभर डुंबायच्या. मी दोन वर्षं "पाय मुरगळलाय" म्हणून काठावर बसले होते. तिसऱ्या वर्षी, दहा वर्षांची असताना, मी जेवण सोडलं. मला पाण्यात उतरायचंच होतं, आणि कुणाला कळायला नको होतं.

आई औषधांच्या दुकानात जाऊन आली. तिथे तान्ह्या बाळाच्या रबरी चड्ड्या होत्या, नाहीतर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी जाड पट्टे. दहा वर्षांच्या उड्या मारणाऱ्या मुलीसाठी काहीच नव्हतं. शेवटी आई मला घेऊन अक्काकडे गेली आणि दार लावून घेऊन कुजबुजत सगळं सांगितलं. अक्का कधी नव्हे ते गप्प बसून ऐकत होती. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, "तुनं खाले गळस, मनं तोंड गळस. आपली जोडी चांगली शे." आई कपाळाला हात लावून बसली. मला मात्र या विषयावर आयुष्यात पहिल्यांदा हसू आलं.

अक्काला कुठलंही काम करून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. पहिली चड्डी तिने टॉवेलच्या कापडाचे तीन थर लावून शिवली. अंगणातल्या टाकीत मला उतरवलं, तर चड्डीनेच निम्मी टाकी पिऊन टाकली आणि ती माझ्या गुडघ्यांपर्यंत आली. अक्का पोट धरून हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की पाण्यात शोषून घेणारं कापड काही कामाचं नाही. लघवी पाण्यात थांबवता येणार नाही, ती आधीच उरकून घ्यायची. थांबवायचं ते दुसरं, आणि ते थांबतं मांडीशी आणि कमरेशी.

दुसरी चड्डी बाहेरून मेणकापडाची, आतून जॉर्जेटची झाली. मांडीला दुहेरी इलॅस्टिक, आणि दोन्ही बाजूंना टिचबटणं, म्हणजे काढताना पायांवरून ओढायला नको. परीक्षेसाठी अक्काने चार पिकली केळी कुस्करून चड्डीत भरली, मला टाकीत बसवलं आणि उड्या मारायला सांगितलं. मी इतकी खिदळत होते की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय चाललंय ग?"

"शिकरण शे, शिकरण!" अक्का ओरडली. "खाशी का वाटीभर?"

शिकरण बाहेर आलं. मांडीपाशी फट होती. अक्काने दोन बोटं घालून बघितली आणि जीभ चावली. सवयीने तिने चड्डी वाढत्या अंगाची शिवली होती! आमच्याकडे पोरांचं काहीही वाढत्या अंगाचंच शिवतात. माझा गणवेश चौथीपासून सातवीपर्यंत चालला. आईने तर बजावूनही ठेवलं होतं, की दोन वर्षं पुरली पाहिजे. "नही," अक्का म्हणाली, "हाई आजना अंगनं शिवनं पडी." तिसऱ्या चड्डीत तिचं एक बोट जेमतेम गेलं. केळं तसूभरही हललं नाही. इलॅस्टिक टिकावं म्हणून चड्डी लगेच धुवून सावलीत वाळवायची, असा दमही तिने मला भरला.

त्या मे महिन्यात मी हौदात उडी मारली. थंडगार पाण्याने श्वास अडकला आणि आनंदाने मी किंचाळले. तेवढ्यात माझा फ्रॉक छत्रीसारखा फुगून वर आला. "अय्या, ही बघा!" शोभा नावाची मुलगी ओरडली. "एवढी मोठी घोडी आणि बाळाची चड्डी!" सगळ्या पोरी वळल्या. काठावर बसलेल्या त्यांच्या आयाही बघायला लागल्या. मला वाटलं, आता वर यायचंच नाही.

"हासू नका व," अक्का काठावरून गरजली. "पोरनी साधी चड्डी सांगेल व्हती. कापामा मनी चूक व्हयनी, मंग ठिगळं लावात."

हसण्याचा रोख माझ्यावरून तिच्याकडे वळला. "अक्का, डोळे गेले वाटतं!" बायका खो-खो हसल्या. अर्ध्या इंचावरून भांडणारी अक्का मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. मी संध्याकाळपर्यंत पोहले.

पुढे दोन-तीन घरांनी ब्लाउज दुसरीकडे शिवायला टाकले. मी रडत अक्काकडे गेले आणि म्हणाले, "मी सगळ्यांना खरं सांगते." ती म्हणाली, "पव्हनी ना तू?" मी हो म्हटलं. "मंग बठ्ठं बरोबर शे. आते तोंड बंद ठेव." पुढे तिने मशीनवर बसवून मला माझं मलाच शिवायला शिकवलं.

मी धुळ्यात नोकरीला होते तेव्हा अक्का गेल्याचं कळलं. मला ती माझी वाटायची, आईइतकी. तिच्या घरी भेटायला गेले तर कॉलनीतल्या जुन्या बायका बसल्या होत्या. "हात काय होता तिचा!" एक म्हणाली. "जन्मात एकदाच चुकली. रावेरला, ती चड्डी आठवते?" बायका डोळे पुसता पुसता हसल्या.

"ती चुकली नव्हती," मी म्हणाले. "मला तशीच लागायची. अजूनही लागते."

मी जायला निघाले तेव्हा शोभाची आई दारापर्यंत आली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, "आमच्या शोभाची मुलगी आठ वर्षांची आहे ग. तिला पण..."

"उद्या आईकडे घेऊन या," मी म्हणाले.