आठव्यांदा जोडलेला अहवाल

शुक्रवारी दुपारी साडेबारा वाजता सुभेदारांनी आपला सराव-प्रकल्प संगणकावरून पुसून टाकला. दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणातली ही सातवी वेळ होती.

"काका, परत पुसलंत? चांगलं जमलं होतं की!" फलटणहून शिकवायला आलेली मुलगी म्हणाली.

"म्याडम, बंदूक उघडायची, जोडायची, परत उघडायची. डोळं झाकून जोडता आली म्हंजी आपली. तवर ती सरकारची."

सांगलीच्या दूध संघाने अहवालाचं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मी वर्तमानपत्र सोडून संघाचं वार्तापत्र काढत होतो, म्हणून मलाही त्या वर्गात बसवलं होतं. माझ्या शेजारची खुर्ची सुभेदारांची. गाव उंब्रज, नोकरी फौजेत, निवृत्तीनंतर संघाच्या कोयनानगर केंद्रावर पर्यवेक्षक. फौजेतून आलेली माणसं तुम्हीही कार्यालयांत पाहिली असतील. माऊस टेबलाच्या कडेला गेला की सुभेदार तो उचलून परत मधोमध ठेवत, आणि प्रत्येक पायरी तोंडाने म्हणत: "नवा प्रकल्प. नाव. तक्ता एक. तक्ता दोन. जोड. तपास." पहिल्या दिवशी वर्ग हसला. चौथ्या दिवशी दोघे-तिघे त्यांच्याबरोबर पुटपुटू लागले.

प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. ते त्यांनी स्वतः मागणी करून घालून घेतलं होतं, त्याला कारण होतं. नव्या सॉफ्टवेअरच्या पहिल्याच अहवालात कोयनानगर केंद्राचं संध्याकाळचं दूध शून्य निघालं होतं. ज्या केंद्रांची संध्याकाळ शून्य, तिथलं संध्याकाळचं संकलन महिनाअखेर बंद करायचं, असं संघाच्या साहेबांनी ठरवलं होतं.

"रोज संध्याकाळी मी सवता मापावर उभा ऱ्हातो," सुभेदार मला म्हणाले. "घाटातल्या बायका धार काढून किटल्या घिऊन येत्यात. आन् ह्यो म्हनतोय शून्य! म्हशी काय आमच्या रजेवर गेल्या व्हय?"

"साहेबांना तसं सांगा ना."

"सांगितलं. साहेब म्हनले, सिस्टीम सांगते ते खरं. मग म्हटलं, सिस्टीमच शिकू."

सरावासाठी दिलेली माहिती परदेशातल्या छत्र्यांच्या दुकानांची होती. सहा वेळा त्यांनी मुकाट्याने छत्र्या जोडल्या. सातव्या वेळी त्यांनी छत्र्या बाजूला ठेवल्या आणि आपल्या केंद्राचे दोन तक्ते घेतले: एक केंद्राच्या रजिस्टरचा, दुसरा सांगलीच्या फाटकावर टँकरच्या चिठ्ठीवरून होणाऱ्या नोंदीचा. दोन्ही तारखेने जोडले. पडद्यावर दोन आलेख आले. रजिस्टरमध्ये संध्याकाळ होती. फाटकावर नव्हती. तिथे सकाळ मात्र दुपटीला टेकलेली.

सुभेदारांनी फाटकाच्या तक्त्यातल्या 'सकाळ'वर बोट टेकवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"चिठ्ठी माझ्याच हातची हाय."

संध्याकाळचं दूध केंद्रावर थंड करून ठेवत. सकाळी टँकर आला की दोन्ही वेळचं दूध एकदम भरत, आणि सुभेदार एकच चिठ्ठी लिहीत. वेळेच्या रकान्यात 'सकाळ'. टँकर सकाळी निघतो, म्हणून सकाळ. अनेक वर्षं असंच चाललं होतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

त्यानंतरच त्यांनी सातव्यांदा प्रकल्प पुसला.

"अहो, हा तरी ठेवायचा!" मी म्हणालो.

"तयार ठेवला तर म्हनतील, घरनं करून आणलाय."

सोमवारी साहेबांसमोर प्रत्येकाने आपला प्रकल्प उघडून दाखवायचा होता. सुभेदारांची पाळी आली तेव्हा पडदा रिकामा होता.

"फाइल कुठंय तुमची?" साहेबांनी विचारलं.

"जोडतो, साहेब. तुमी बघत ऱ्हावा."

नवा प्रकल्प. नाव. तक्ता एक. एका बोटाने, मोठ्याने म्हणत. दुसरा तक्ता जोडताना चुकीचा रकाना निवडला गेला आणि पडदा लाल झाला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "सुभेदार, तारीख." त्यांनी तारीख निवडली. अठरा मिनिटांत दोन्ही आलेख शेजारी-शेजारी उभे राहिले. सुभेदार खुर्चीवरून उठून सावधान उभे राहिले.

"दूध संध्याकाळचं हाय, साहेब. सकाळ म्या लिवली. चूक माझी. शिक्षा मला द्या, संध्याकाळचं माप बंद करू नका."

साहेबांनी रजिस्टर मागवलं. तीन महिन्यांची पानं उलटून पाहिली.

"फौजेत असं चाललं असतं का हो?"

"न्हाई, साहेब."

त्या आठवड्यात दोन आदेश निघाले. पहिल्याने टँकरसोबत सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या चिठ्ठ्या सक्तीच्या केल्या. दुसऱ्याने सुभेदारांना पर्यवेक्षक पदावरून कमी केलं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मागच्या महिन्यात वार्तापत्राच्या कामासाठी कोयनानगरला गेलो. संध्याकाळी साडेसहाला केंद्र उघडं होतं. मापावर नवा पर्यवेक्षक होता. पुढे किटल्या घेऊन अकरा बायका रांगेत उभ्या होत्या.