दोन्ही हात मांडीखाली

मशीन अडलं की चाचा आधी स्वतःच्या हातांवर बसायचे. म्हणजे अगदी खरंच. खुर्ची पुढे ओढायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली सरकवून समोरच्या काळ्या पडद्याकडे तोंड करून राहायचं. बाहेर काउंटरवर फोन वाजतायत, रिपोर्टला आलेली माणसं दारात ताटकळलीत, आणि हा माणूस मास्तरांनी बसवून ठेवलेल्या पोरासारखा गप्प. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, ह्याला काही येत नसणार.

मीही तेच म्हटलं होतं, मनात.

"घाई नको," ते म्हणायचे. "आधी वाचायचं. लॉग खोटं बोलत नाय. आपण बोलतो."

लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. कोण आलं, कोण गेलं, काय मागितलं, काय मोडलं, सगळं ते स्वतःच लिहून ठेवतं. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला फक्त बादली ठाऊक होती.

रत्नागिरीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी झाडू-पोछ्याला लागले होते. राजापूर, लांजा, गणपतीपुळे, कुठून कुठून रक्ताच्या नळ्या यायच्या आणि त्यांचे निकाल मागच्या चिऱ्याच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर, म्हणजे ह्याच मशीनवर, जमा व्हायचे. मशीन सांभाळायला चाचा. खोलीत एसी, एसीखाली बादली. ती भरली की ओतायची, हे माझं काम. बादली भरून पाणी सर्व्हरकडे गेलं तर, ह्या भीतीने मी तासाला तीनदा आत डोकवायची. चाचा म्हणायचे, "गो बाय, समुद्र नाय तो. थेंब पडतायत."

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. नवरा पोकलेन चालवतो. हायवेच्या कामावर आम्ही इकडे आलो. काम पुढे सरकलं तसा तो पुढे सरकला, आधी सावंतवाडीकडे, मग कर्नाटकात. मी खोली धरून राहिले. परत जाऊन सांगण्यासारखं काही नव्हतं. रोज सकाळी लॅबची पायरी चढताना वाटायचं, आज सांगतील, उद्यापासून येऊ नका.

एके दिवशी फरशी पुसत होते, तर चाचा म्हणाले, "बाय, ही शेवटची ओळ वाच."

"मला इंग्रजी नाही येत, चाचा."

"अक्षरं येतात?"

"अक्षरं येतात."

"बस्स. एकेक सांग."

फडकं खांद्यावर टाकून मी सांगत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. ओळ संपल्यावर म्हणाले, "परवानगी नाय म्हणतोय." मी घाबरून मागे सरकले. मला वाटलं, मशीनने मला ओळखलं. ते हसले. "चिडलेला नाय तो. दार कुठलं बंद हाय ते सांगतोय. शाळेसारखं नाय हे, की हाकलून दिलं आणि कारण सांगितलं नाय."

माझ्या शाळेचं त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही.

मग रोजच सुरू झालं. मला वाटायचं, ते मला शिकवतायत. महिनाभराने लक्षात आलं, त्यांना वाचताच येत नव्हतं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. "तू उभी हायेस ते दिसतं," ते म्हणाले, "तोंड नाय दिसत. तुझं तोंड मी पाहिलेलंच नाय, बाय." आणि मग आवाज खाली आणून, "डॉक्टरांना बोलू नको. घरी जाऊन काय करू?"

डॉक्टर म्हणजे लॅबचे मालक. आणि घरी खरंच कोणी नव्हतं. चाची जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी भिवंडीला दिलेली. खाडीच्या अलीकडे तीन खोल्यांत ते एकटे. डबा स्वतः करून आणायचे, आणि तो नेहमी दोघांचा असायचा. "हाताला तेवढंच माप बसलंय," म्हणायचे, "एकट्याचं करायला गेलो की मीठ चुकतं." कधी सांदणं आणायचे, तांदळाची, वाफवलेली, पांढरीशुभ्र, नारळाच्या रसाची. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. पहिल्यांदा खाताना मला रडू आलं होतं. चवीमुळे नव्हे. कोणीतरी डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं म्हणून.

सगळंच रडकं होतं असं समजू नका. एकदा पावसाळ्यात वीज गेली-आली, गेली-आली, आणि दुपारी राजापूरहून एका काकांचा फोन. "अहो, माझ्या रिपोर्टावर तारीख कुठली घातलीत? तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, आणि थायरॉईड आलं?" काउंटरवरच्या मुली हसून लोळल्या. चाचा हातांवर बसले. मी अक्षरं सांगितली, आकडे सांगितले. ते म्हणाले, "ह्याच्या आतल्या घड्याळाचा सेल मेलाय. वीज गेली की बिचारा सगळं विसरतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो." नवा सेल आणला, बटणाएवढा. तो बसवताना मात्र त्यांची बोटं जराही अडखळली नाहीत. कडेने बघून केलं, की न बघताच, कोण जाणे. वीज गेली तरी मशीन बंद पडू नये म्हणून डॉक्टरांनी नंतर मोठी बॅटरीही घेतली.

कोणीही म्हणायचं, "चाचा, बंद करून चालू करा ना!" त्याचा त्यांना राग. "पोर रडतंय म्हणून त्याचं तोंड दाबायचं काय? रडतंय कशाला ते बग."

हातांवर बसायची सवय कुठून लागली, हे त्यांनी एकदाच सांगितलं. मस्कतला एका कंपनीत बावीस वर्षं ते हेच काम करत होते. एका सकाळी घरून फोन आला, चाचीचं जास्त झालंय, निघा. एक काम अर्धवट होतं. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने घाईत एक एन्टर दाबला. भलत्याच जागी. कंपनीचं सगळं पुसलं गेलं. ते परत उभं करायला तीन दिवस लागले, आणि ते होईपर्यंत त्यांना सोडेनात.

"मयतीला पोचलो नाय," एवढं म्हणून त्यांनी डबा बंद केला. त्या दिवशी दोघांचंही उरलं.

आता तो शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजाला चाचा दुपारी तास-दीड तास जायचे. ते गेले आणि पंधरा मिनिटांत मशीन अडलं. पडद्यावरची ओळ माझ्या ओळखीची होती: जागा शिल्लक नाही. ही ओळ मी त्यांना पन्नासदा वाचून दाखवली होती आणि पुढचं सगळं मला पाठ होतं. मोठ्यातली मोठी जुनी फाइल शोधायची, पुसायची, की जागा होते. काउंटरवरून ओरडत होते, "चाचा कुठंयत?" मला वाटलं, आज आपण करून दाखवू. त्यांच्या खुर्चीत बसले, त्यांचंच खातं उघडं होतं, एकेक अक्षर दाबलं. मोठी फाइल सापडली. पुसली.

वाचली नाही. त्यांनी सांगितलेलं तेवढंच एक काम, तेच केलं नाही.

जागा तर झालीच नाही, आणि दोन मिनिटांनी आतून टेक्निशियन धावत आला. "सकाळचे सगळे निकाल गेले!" तपासणीचं यंत्र सकाळपासून ज्या फाइलीत निकाल लिहीत होतं, तीच मी पुसली होती. रक्त देऊन माणसं आपापल्या गावी गेलेली. त्यात दोन तान्ही बाळं होती. त्यांची शीर सापडायला सकाळी किती वेळ लागला, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझं बोट मशीनच्या बटणापर्यंत गेलं. बंद करून चालू केलं तर येईल कदाचित. मग मला त्या बोटाचीच भीती वाटली, आणि मी दोन्ही हात मांडीखाली घातले. तशीच बसून राहिले. कोण काय बोललं, आठवत नाही.

चाचा आले ते टोपी डोक्यावर तशीच ठेवून. काय पुसलं, जागा कशी झाली नाही, मी सगळं सांगितलं.

"बंद केलंस?"

"नाही."

"हात कुठे होते?"

"मांडीखाली."

त्यांनी दाराची चौकट धरली. "या अल्ला, तुझा शुकर." मग माझ्या शेजारी स्टूल ओढलं. "ऐक. फाइलीचं नाव गेलंय, फाइल नाय गेली. जो प्रोग्राम तिच्यात लिहितोय, त्यानं ती अजून हातात धरलीय. म्हणून तर जागा झाली नाय. तो सोडत नाय तोवर ती हाय. बंद केलं असतंस तर त्यानं सोडली असती. आता वाच."

मी वाचत गेले, ते अक्षरं सांगत गेले, मी दाबत गेले. धरून ठेवलेलं सगळं आम्ही दुसऱ्या डिस्कवर काढून घेतलं. एकूण एक निकाल आला. दोन्ही बाळांचासुद्धा.

तोवर डॉक्टर येऊन उभे राहिले होते. "चाचा, कोणी केलं हे?"

"मी. जाण्याच्या आधी घाई केली. बघा की, लॉगमध्ये माझंच नाव हाय."

होतंच. त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच खात्यात बसून मी पुसली होती. जन्मात एकदा लॉग खोटं बोलला, आणि तो माझ्यासाठी.

डॉक्टर वाईट माणूस नव्हे. बहुतेक त्यांना बरेच दिवस संशय असावा. टेबलावरचा एक कागद उचलून त्यांनी पुढे केला. "चाचा, एवढं वाचून दाखवता?" चाचांनी कागद हातात घेतला. डावीकडे धरला, उजवीकडे धरला. एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. मी कोपऱ्यात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, साहेब, मी पुसली. जिभेवर आलं होतं. उद्यापासून येऊ नका, हे ऐकायच्या भीतीने गिळलं.

"महिनाअखेरपर्यंत या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मग आराम करा. डोळ्यांचं बघा."

ते गेल्यावर मी रडायला लागले, तर चाचा म्हणाले, "गप गो. तू बोलली असतीस तर दोघांची नोकरी गेली असती. मशीनकडे बघायला कोणीतरी नको?" आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी मशीनवर माझं खातं काढलं. "नाव काय टाकू?" अनुसया, इंग्रजीत सात अक्षरं. आठवीच्या हजेरीनंतर माझं नाव कुठल्या यादीत लागलं ते तिथे. "आता चुकलीस तर तुझ्या नावावर चूक," ते म्हणाले, "आणि जमलं तर तेपण."

जाण्याच्या दिवशी ते स्वतःच्या खात्यातून बाहेर न पडताच उठले. विसरले, असं मी धरून चालले. मी फक्त पडदा बंद केला, मशीन चालूच ठेवलं.

ते भिवंडीला मुलीकडे गेले. मशीन पुण्याहून एक कंपनी सांभाळू लागली, आणि इथे तिचे डोळे मी. "ताई, दिवा कुठल्या रंगाचा आहे? ताई, शेवटची ओळ वाचा." डॉक्टरांनी झाडूला दुसरी बाई ठेवली आणि मला स्टूल दिलं. खुर्ची मी रिकामीच ठेवली.

दर शुक्रवारी नमाजानंतर चाचांचा फोन यायचा. माझी चौकशी नंतर. आधी, "पंखा ऐकव." मी फोन सर्व्हरच्या मागे धरायची. ते बराच वेळ ऐकायचे. "बेअरिंग घासतंय. कुणाला तरी सांग." एकदा मी म्हटलं, "चाचा, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "तू हातांवर बसलीस ना? मी नव्हतो बसलो, मस्कतला."

नंतर एका शुक्रवारी फोन आला नाही. दुसऱ्या शुक्रवारी मी लावला. मुलीने उचलला. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. मी कोण, हे तिला समजावून सांगता येईना. शेवटी तिनेच विचारलं, "अब्बा फोन कानाला लावून गप्प बसायचे, ते काय ऐकायचे हो?"

मी म्हटलं, "पंखा."

मागच्या आठवड्यात तो पंखा थांबवायचा दिवस आला. निकाल आता दुसरीकडे कुठेतरी ठेवतात. जुनं मशीन नको झालं. पुण्याच्या पोराचा फोन आला, भला पोरगा आहे. "ताई, बंद करायच्या आधी आत कोण कोण आहे ते बघून घ्या."

ते बघायला एकच अक्षर लागतं. मी दाबलं. दोन ओळी आल्या. एक माझी. दुसरी चाचांची, मशीनच्या समोरच बसल्याची, आणि किती दिवसांत हात लावलेला नाही त्याचा आकडा.

"दोघं आहेत," मी म्हटलं.

"दुसरं कोण?"

मी नाव सांगितलं, एकेक अक्षर, चाचांना सांगायची तसं.

"हां, ते जुनं खातं असेल. बाहेर काढा त्यांना, मग मी बंद करतो."

मी फोन टेबलावर ठेवला. दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"ताई? आहात ना? झालं का?"

"थांबा," मी म्हटलं. "वाचतेय अजून."