टेपमध्ये बोला

देवळाली कॅम्पात एसटीडी बूथ चालवणारे ते अंध गृहस्थ. समोरचा बोलताना थांबला की "पुढे?" म्हणायचे. माझ्यासारख्या ओळखीच्यांकडून पुस्तकं वाचून घेऊन ते अंध विद्यार्थ्यांसाठी कॅसेट भरायचे, त्याचीच ही सवय. प्रकाशकाच्या परवानगीशिवाय असं करणं म्हणे कॉपीराइटचा गुन्हा. डोंबलाचा कायदा! तो बदलावा म्हणून फोनला आलेल्या प्रत्येकाची सही घेतल्याशिवाय ते सोडत नसत.

नाशकातल्या पुस्तक प्रदर्शनात विकत घेतलेलं पुस्तक त्यांनी तिथेच टेपरेकॉर्डर सुरू करून माझ्याकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. प्रकाशकाचा माणूस धावत आला. "टेप बंद करा. कायदा आहे."

"टेपमध्ये बोला!" ते कडाडले. "आंधळ्यांनी पुस्तक वाचायचं नाही, हे तुमच्याच तोंडून भरून ठेवतो."

लोक जमले. तो माणूस "कायद्यात..." म्हणाला आणि अडखळला.

टेप फिरत होती.

"पुढे?"