भागूताईंची हरवलेली भीती

लहानपणी पाल दिसली की पलंगावर चढून बसणाऱ्या मुलीला घरच्यांनी ‘भागूबाई’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की सासरीही तेच चाललं. ऑफिसात वयाचा मान राखून सगळे ‘भागूताई’ म्हणत. गंमत अशी, की ज्या भित्रेपणावरून जन्मभर थट्टा झाली, त्याचाच त्यांना पगार मिळत होता.

ऑफिस म्हणजे व्हिडिओ गेम बनवणारी छोटी कंपनी. खिडक्यांना जाड पडदे, टेबलांखाली वायरींचं जंजाळ. ताई तिथे फोन घ्यायला लागल्या होत्या. तेव्हा कंपनीचा पहिला भुताचा गेम तयार होत होता. बंद पडलेली शाळा, हातात फक्त टॉर्च, आणि सगळं खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी दिसायचं. पडद्यावर आपले हात तेवढे दिसत. गेमचा प्रमुख, ज्याला सगळे दादा म्हणत, एकदा सहज म्हणाला, “ताई, बघा जरा खेळून.” ताई खेळायला बसल्या. शाळेतलं एक दार आपोआप मिटलं आणि ताई खुर्चीसकट मागे कोसळल्या. दादाने आधी कुठलं दार ते विचारलं आणि मग त्यांना उठवलं. त्या दिवसापासून फोन दुसऱ्याकडे गेला. ताईंनी खेळायचं आणि पोटात गोळा कुठे आला ते सांगायचं, असं ठरलं. तो गेम तुफान चालला.

पुढे ताईंच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. इस्पितळातल्या बाकावर त्यांनी दिवस कसे काढले ते त्या कुणाशी बोलल्या नाहीत. नवरा बरा झाला, हिंडायला-फिरायला लागला, पूर्वीसारखे टोमणे मारायला लागला. ताई कामावर परतल्या तेव्हा गेमचा दुसरा भाग जवळजवळ तयार होता.

हा भाग घडत होता गावाला पाणी पुरवणाऱ्या एका जुन्या, बंद केंद्रात. जमिनीखाली टाक्या, बोगदे आणि घोट्याएवढं पाणी. हातात टॉर्चबरोबर आता बंदूकही. ताईंनी कानाला हेडफोन लावले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. भूत आलं, अंगावर धावून आलं, आणि ताई दारावर आलेल्या भाजीवाल्याकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत राहिल्या.

“कसा वाटला?” दादाने विचारलं.

“राग मानू नका,” ताई म्हणाल्या. “पाणी झकास आहे. मला पाय ओले झाल्यासारखं वाटलं. पण तुमचा तो नायक किती बोलतो हो. दार उघडलं की म्हणतो, इथे काहीतरी भयंकर आहे. अरे बाबा, मला कळू दे ना. आणि ते भूत. पहिल्या भागात दिसायचं नाही म्हणून जीव जायचा. इथे दर वळणावर हजर. शेवटी शेवटी तर मला त्याची दया यायला लागली, बिचाऱ्याला जरा टेकायला तरी मिळतंय का.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा हसला नाही. “आणि बंदूक?”

“ती तर काढूनच टाका. हातात बंदूक असल्यावर घाबरायचं कशाला?”

दादाने या गेमवर रात्रीचा दिवस केला होता. त्याचा चेहरा पडला. “गेम ठीक आहे, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही बदललात. तुमची भीती मेली आहे.”

ते ताईंच्या वर्मी लागलं, कारण हाच संशय त्यांनाही होता. इस्पितळातून आल्यापासून त्या कशालाच घाबरत नव्हत्या. परवा तर त्यांनी पाल झाडूने बाहेर काढली होती. नवऱ्याने कौतुक केलं, पण त्यांना आतून काहीतरी उणं वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. “मी दगड झाले का हो?”

“दगड माझ्या गोळ्यांसाठी असा दिवसभर मागे लागत नाही,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मला ऑपरेशनला नेत होते ना, तेव्हा स्ट्रेचर ढकलणारा सारखा ‘घाबरू नका, घाबरू नका’ म्हणत होता. तो बोलत होता तोवर मला काही वाटलं नाही. दाराशी आल्यावर तो गप्प झाला आणि माझी तंतरली.”

हे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. ताईंनी त्याचा हात धरला. “मी त्याच दाराच्या अलीकडे होते,” त्या म्हणाल्या. मग त्या बाकावरचे ते दिवस त्यांनी प्रथमच बोलून दाखवले. दोघांची जेवणं निवून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला एवढंच सुचवलं, की नायकाचं तोंड एकदा बंद करून बघू. गेमचे आवाज तयार करणारी मुलगी लगेच म्हणाली, “दादा, माझं सगळं पाणी त्याच्या बडबडीत वाहून जातंय.” दादा कुरकुरत तयार झाला. त्याने नायकाचं बोलणं काढलं, सुरुवातीच्या बोगद्यांतलं भूतही काढलं. “बंदूक मात्र राहणार,” तो म्हणाला.

भरदुपारी ताई पुन्हा बसल्या. अंधार, पाणी, आपल्याच पावलांचा डुबुक डुबुक आवाज. त्या थांबल्या. मागे पाण्यात आणखी एक पाऊल पडलं. वळून बघितलं तर कुणी नाही. त्या चालल्या, थांबल्या, आणि पुन्हा ते एक जास्तीचं पाऊल. त्यांनी अंधारात गोळी झाडली. आवाज सगळ्या टाक्यांमधून घुमत गेला, आणि तो विरल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा वाजेनासा झाला. आपण इथे आहोत हे आता सगळ्यांना कळलं, हे ताईंच्या ध्यानात आलं.

किंकाळी जिन्यापर्यंत ऐकू गेली. लोक धावत आले तेव्हा ताई दादाचा सदरा मुठीत धरून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “आहे हो, आहे माझी भीती,” त्या म्हणत होत्या. “आणि बंदूक राहू द्या. ते माझंच चुकलं.”

दादा मटकन खाली बसला. “मला वाटलं होतं गेमच मेला,” तो म्हणाला आणि त्याने एवढा मोठा श्वास सोडला की तोही हसायला लागला.

गेम बाजारात आला. लोकांनी पाण्याची आणि त्या शांततेची तोंड भरून स्तुती केली. दारांच्या चाव्या शोधण्यात फार वेळ जातो, शेवट घाईत गुंडाळलाय, अशी नावंही ठेवली. चाव्यांचं ताईंनी सांगितलंच नव्हतं. वस्तू शोधून जागच्या जागी लावण्यात त्यांचा वेळ उलट मजेत गेला होता. शेवटाबद्दल दादाने स्वतःच मान्य केलं.

सुट्टीच्या दिवशी ताईंनी तो गेम घरी लावला. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितले होते, म्हणून नवरा स्पीकरचा आवाज पार बंद करून शेजारी बघत बसला. बराच वेळ बघून तो म्हणाला, “यात घाबरण्यासारखं काय आहे?”

हेडफोन ताईंच्या कानाला होते, आणि त्यांनी पाय केव्हाच खुर्चीवर घेतले होते.