धाकू वाटाड्या

माहुलीच्या पायथ्याला राहणारा धाकू किल्ला चढायला आलेल्या मुंबईच्या पोरांना हौसेने वाट दाखवायचा. एका हिवाळ्यात चौघांना घेऊन उतरताना तो घसरला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

"काका, गावातून माणसं पाठवतो," म्हणत पोरं घाईने खाली उतरली.

गावात धाकूच्या बायकोने, काशीने, त्यांना पाणी दिलं. "आमचा म्हातारा कुठं हाय रे?"

"येतोय मागून," एक जण म्हणाला. खरं सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

धाकू गावकऱ्यांना सापडला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. पाय कापावा लागला.

पुढच्या हिवाळ्यात तेच चौघे दारात आले. "काका, येताय ना?"

धाकूने मांडीवरची गोधडी बाजूला केली. पोरांनी कापलेल्या पायाकडे पाहिलं. मग एकाने काशीला विचारलं, "दुसरं कोण येईल का हो?"