बिल्ला द्या, पाना न्या

आमची विक्रोळीची कंपनी केव्हाच बंद पडली, किस्से मात्र चालूच आहेत. पूर्वी चहाला जमलो की सांगणारे दहा आणि ऐकणारं कुणी नाही. आता उरलो मी आणि सावंत. त्यात सावंतला हल्ली काही आठवत नाही, म्हणून त्याच्या वाटचंही मीच सांगतो.

*

सावंत आमचा टूलरूमवाला. प्रत्येक कामगाराकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला असायचा. पाना हवा तर बिल्ला द्यायचा, सावंत तो पान्याच्या रिकाम्या खिळ्यावर अडकवणार. पाना परत, बिल्ला परत. एकदा खुद्द मॅनेजर आला, घाईत. सावंतने थंडपणे हात पुढे केला, "साहेब, बिल्ला?" साहेबाकडे कुठला बिल्ला! दिवसभर त्याचं घड्याळ खिळ्यावर लटकत होतं.

*

कंपनी बंद पडली तेव्हा जुनी हत्यारं घरी न्यायची परवानगी मिळाली. सावंतने निवडून निवडून पाने आणि नटावर बसवायच्या सॉकेटच्या गोट्या घेतल्या, एकही झिजलेलं नाही. घरी पंखा उघडायला गेला तर एकही बसेना. आमची मशीनं जुनी विलायती, पाने सगळे इंचाच्या मापाचे. घरातले नट एमएमचे. अख्खी नोकरी ज्या पान्यांवर काढली, त्यातला एकही घरात चालेना. त्या दिवशी तो जेवला नाही.

*

मग त्याच्या मुलाने, महेशने, ऑनलाइन सेट मागवला. चकाचक! पहिल्याच जोराला गोटी घसरली आणि नटाची वाट लागली. सावंतने तो सेट माळ्यावर टाकला. ग्रिल, बेसिन, स्कूटर, घरातला एकेक नट मोजला आणि घाटकोपरला जाऊन तेवढ्याच मापाचे पाने सुटे आणले. बाल्कनीत फळी ठोकली, प्रत्येक पान्यामागे त्याचा आकार रंगवला. गोट्या खाली रांगेत, छोटीपासून मोठीपर्यंत, नंबर समोर.

घरातही नियम तोच. वहिनींनी नळासाठी पाना मागितला, तर हा म्हणतो, "बिल्लो खंय?" वहिनींनी हातातली बांगडी काढून खिळ्यावर अडकवली आणि म्हणाल्या, "माका घेऊन इलात, तेव्हा माझ्या बापाकडे काय अडकवून इलात?"

सावंतने बांगडी परत केली; बिल्ल्याशिवाय त्याने पाना दिलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

*

आमच्या कंपनीतला म्हात्रे आपला बिल्ला देऊन सोसायटीच्या पंपासाठी चौदाचा पाना घेऊन गेला आणि त्याच आठवड्यात हार्ट अटॅकने गेला. पाना कुठे राहिला, कुणाला ठाऊक. महेश नवा आणतो म्हणाला. सावंतने बिल्ल्याला हात लावू दिला नाही. "बिल्ला लटकलाय म्हणजे माणूस पाना घेऊन बाहेर आहे," म्हणाला.

*

मग सावंत विसरायला लागला. आधी जेवण झालं की नाही ते, मग घरचा रस्ता. एका रविवारी मी गेलो तर दारात उभा राहून म्हणाला, "कोण हवंय तुम्हाला?"

आयुष्यभर मला मेल्या म्हणणारा माणूस, 'तुम्ही' म्हणाला! तोंडातून निघून गेलं, "तेराचा पाना हवा होता."

त्याने लगेच हात पुढे केला.

माझा बिल्ला अजून किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. काढून दिला. त्याने नंबरावरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे बघितलं.

"परब! मेल्या, कधी इलंस?"

मग चहा झाला, कंपनीच्या गप्पा झाल्या. मी निघताना त्याने बिल्ला खिळ्यावर अडकवला आणि पाना माझ्या हातात दिला.

आता वहिनी सांगतात, सकाळी उठला की फळीसमोर उभा राहतो, बिल्ला वाचतो आणि विचारतो, परब पाना घेऊन गेला तो आला नाही अजून? परवा महेशही म्हणाला, "काका, तेवढा पाना आणून द्या ना. बाबा रोज तुमची वाट बघतात."

आणतो म्हटलं. दर रविवारी जातो मी. पाना घरी ठेवून.